करकंबच्या रफिकची रोपवाटिका

गेल्या पावसाळ्यात सोलापुरातल्या एका महाविद्यालयाने मला वृक्षारोपणाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. खड्डा तयार होता, रोप तयार होतं, फोटोवाला तर सगळ्यांच्या आधी तयार होता. खड्ड्यात मागच्या वर्षीच्या रोपाची वाळकी काडी अजून उभी होती. ती उपटून त्याच भोकात यंदाचं रोप बसवायचं, असा बेत होता. मी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि एसटी धरून मंगळवेढ्याला परत आलो. आयोजकांना राग आला. सुभेदाराचं डोकं फिरलंय, असं कुणीतरी म्हणाल्याचं नंतर माझ्या कानावर आलं. फिरलंच होतं. ते का फिरलं ते आता लिहितो. वेळा आणि हुद्दे होते तसेच लिहितो.

तेव्हा मी हवालदार होतो. नोकरीला सोळा वर्षं झाली होती. आमची पलटण लडाखमध्ये गेली आणि आमच्या कंपनीला एका खिंडीपलीकडची पोस्ट मिळाली. उंची साडेबारा हजार फूट. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली वीस-पंचवीसपर्यंत उतरायचा. खिंड बर्फाने बंद झाली की पाच महिने ना पत्र, ना भाजी. पोस्टच्या मागे बोडका उतार आणि त्याच्या पायथ्याशी नाला. उन्हाळ्यात वरचं बर्फ वितळलं की हा नाला असा काही फुगायचा की आम्ही गेलो त्याच वर्षी त्याने पाण्याची टाकी आणि राशनच्या स्टोअरची एक भिंत नेली.

आमचे कंपनी कमांडर मेजरसाहेब यांनी ठरवलं, नाल्याच्या काठाला झाडं लावायची. लवकर वाढणारी, मुळांनी माती धरून ठेवणारी. रोल कॉलला त्यांनी विचारलं, शेतकऱ्याघरचे कोण कोण आहेत? जवळजवळ सगळी कंपनी उभी राहिली. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, कारण मी पुढच्या रांगेत होतो. मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला, ज्वारीशिवाय काही पेरलेलं नाही. झाड म्हणजे आमच्याकडे बांधावरची बाभूळ, तीही आपोआप आलेली. मी "यस सर" म्हणालो. मदतीला एक माणूस मागायची मुभा होती. मी लान्स नाईक रफिक मुलाणीला मागितलं.

रफिक पंढरपूर तालुक्यातल्या करकंबचा. त्याचे वडील शब्बीरचाचा डाळिंबाच्या गुट्या बांधण्यात नाव कमावलेले. गुटी म्हणजे जिवंत फांदीची साल बोटभर सोलायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून पट्टी बांधायची आणि मुळं फुटली की फांदी तोडून तिचं रोप करायचं. रफिक चौथीपासून बापाबरोबर हे करत होता. हात बघावेत तर एखाद्या सोनाराचे. गोळीबारात तो बेताचाच होता आणि त्यावरून मी त्याला पुष्कळ चिडवायचो. तो म्हणायचा, "उस्ताद, मी जित्या फांदीला हात लावणारा माणूस हाय. मारायचं काम तुमच्याकडं असू द्या की."

पोस्टपासून दीड किलोमीटरवर, जवळजवळ त्याच उंचीला, वीसेक घरांचं गाव होतं. तिथे पाटाच्या कडेने विलो आणि पॉप्लर उभे होते. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा लांबचा भाऊ. पॉप्लरला तिथे सफेदा म्हणतात. थंड हवेत लवकर वाढणारी झाडं हीच दोन. आमच्याकडे शेवगा वर्षात छपराला लागतो, तिथे पाच वर्षांत मनगटाएवढं खोड झालं तर लोक खूश. ती झाडं एका म्हाताऱ्याची होती. सगळं गाव त्याला मेमे म्हणे, म्हणजे आजोबा. आम्ही काड्या मागितल्या. मेमेने आधी आमच्याकडून गावाचा पाट खणून साफ करून घेतला, तीन दिवस. मग एप्रिलमध्ये, डोळे फुटायच्या आत, त्याने स्वतः काड्या तोडून दिल्या. त्याची एक अट होती. काडी ज्या उंचीवर वाढली त्याच उंचीवर किंवा खाली लावायची. खालची काडी वर न्यायची नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने ते आम्हाला पाच वेळा सांगितलं.

आठवडाभर काड्या पाण्यात भिजत ठेवल्या, मग वाफ्यात ओळीने खोचल्या. रफिकने माती चाळली, उताराच्या बाजूने दगडांची आडभिंत रचली, बकऱ्यांपासून वाचवायला तेलाचे रिकामे डबे कापून खोडांभोवती गुंडाळायला ठेवले. वीस दिवसांनी डोळे फुगले. आम्ही दोघं दिवसातून चार वेळा जाऊन बघायचो. आणि मग आम्ही सोलापूरकरांनी आमची अक्कल पाजळली. आपल्याकडे पाणी द्यायचं ते दिवस कलल्यावर. दुपारी दिलं तर उडून जातं, मूळ भाजतं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. आम्ही रोज संध्याकाळी सहाला वाफे भरायचो, अगदी मनापासून. रात्री त्या पाण्याचा बर्फ व्हायचा. चौथ्या सकाळी गेलो तर काड्यांच्या साली तळापासून उकललेल्या. दोन वाफे गेले. मेमे आला, बर्फाचा पापुद्रा काठीने फोडून बघितला आणि आम्हाला त्याच्या भाषेत इतकं बोलला की अर्थ न कळूनही आम्ही मान खाली घातली. ऊन वाफ्यावर आल्यावर पाणी, ऊन जायच्या चार तास आधी बंद, हे त्याने आम्हाला सूर्याकडे बोट दाखवून शिकवलं. रफिकने त्या रात्री जेवण केलं नाही. ही चूक त्या मुलखात दुसऱ्या कुणी केली नसती.

उरलेले तीन वाफे जगले. पहिल्या हिवाळ्यात रफिकने त्यांच्यावर गवताचा थर दिला. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात रोपं कमरेला लागली. सुट्टीवर गेला की तो बापाला त्यांचे फोटो दाखवायचा आणि परत येताना बापाच्या सूचना घेऊन यायचा. तो म्हणायचा, अजून एक हिवाळा काढू दे, खोड पिकू दे, मग येत्या वसंतात नाल्याला लावू. त्याला कसली घाई नव्हती. नाल्यालाही पुढच्या जुलैपर्यंत नव्हती.

घाई दुसऱ्यांना झाली. त्या वसंतात निरोप आला की मे महिन्याच्या पंधरा तारखेला एक फार वरिष्ठ अधिकारी पाहणीला येणार आणि पोस्टभोवतीचा ग्रीन बेल्ट बघणार. ग्रीन बेल्ट हा शब्द कुणीतरी आमच्या तीन वाफ्यांवरून अहवालात लिहून वर पाठवला होता. आता बेल्ट दाखवणं भाग होतं. मे महिन्यात तिथल्या झाडांना पालवी नसते. काड्या उभ्या दिसतात, बस. म्हणून वरच्या हेडक्वार्टरने सपाटीवरच्या एका कंत्राटदाराकडून दोन ट्रक रोपं मागवली. हिरवीगार, पानांसकट.

मी मेजरसाहेबांकडे गेलो. रफिकला बरोबर नेलं. साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगतो. झाडांची कल्पना त्याचीच होती आणि ती खरी होती. मी सांगितलं, सर, गरम मुलखातली रोपं एक रात्र काढणार नाहीत. रफिकनेही सांगितलं, दोन मिनिटं, सावधानमध्ये उभं राहून, मेमेची अट आणि आमची स्वतःची चूक धरून. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साबळे, पंद्रह तारीख को हरा दिखना चाहिए. उसके बाद तुम्हारा विलो लगाओ." मी सॅल्यूट केला. बाहेर आल्यावर रफिक थेट वाफ्यांकडे गेला. मग म्हणाला, "पंधरा तारखंसाठी कुणी झाड लावतं व्हय, उस्ताद?"

नऊ तारखेला ट्रक खिंडीअलीकडच्या ट्रान्झिट कॅम्पला अडकले. दोन दिवस बर्फ पडलं होतं. रोपं माना टाकायला लागल्याचा फोन आला. रोपं हाताळणारा माणूस पाठवा, असं सांगितलं गेलं. डिटेल मी बनवत होतो. अशी यादी करताना माणूस फार विचार करत नाही, कामाला कोण योग्य तेवढं बघतो. मी रफिकचं नाव लिहिलं. तो दहा तारखेला सकाळी साडेपाचच्या गाडीने खिंड ओलांडून गेला. निघताना वाफ्यांना पाणी कधी द्यायचं ते त्याने मला पुन्हा बजावलं. जणू मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी सहा दहाला त्याचा फोन आला. लाइनवर खरखर होती.

"उस्ताद, ह्यास्नी पालवी फुटलीया. देठ लोण्यावानी मऊ हायती. हितंच निम्मी गेल्यात."

"साहेबाला सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. नुसती न्हेऊन टाकायची असली तर वरची हवा उघडू द्या की. दोन दिस थांबू."

मी सांगितलं. साहेबांनी हेडक्वार्टरला फोन लावला. माझ्यासमोर लावला, हे खरं. पलीकडून काय उत्तर आलं ते साहेबांच्या चेहऱ्यावरून कळलं. सकाळी कन्वॉय निघणार.

खिंडीचा एक नियम होता आणि तो नव्या रंगरुटालाही पाठ असायचा. ताजं बर्फ पडल्यावर स्लाइड झोन, म्हणजे जिथे बर्फाचे कडे खाली येतात तो चार किलोमीटरचा टप्पा, सकाळी नऊच्या आत पार करायचा. ऊन लागलं की वरचं बर्फ सैल होतं. अकरा तारखेला कन्वॉय सहाला निघायला हवा होता. तो निघाला आठ चाळीसला. उशीर कशाने झाला? रोपं मोजण्यावरून. कंत्राटदाराचा माणूस आणि स्टोअरचा बाबू यांचा मेळ बसेना, आणि सही झाल्याशिवाय ट्रक हलेना. मेलेली रोपं जिवंतात धरायची की नाही, यावर म्हणे वाद होता. हे मला नंतर ड्रायव्हरने सांगितलं.

नऊ पंचवीसला मी पोस्टच्या रेडिओ रूममध्ये होतो. सेटवर खिंडीच्या कंट्रोलचा आवाज आला.

"किलो वन, धूप तेज है. कन्वॉय रोको. कल सुबह. ओव्हर."

"कंट्रोल, किलो वन. कन्वॉय चलेगा. ऊपर से क्लिअरन्स है. ओव्हर."

मग कंट्रोल म्हणाला, "रॉजर. आउट."

किलो वन म्हणजे हेडक्वार्टर. हँडसेट माझ्यापासून हातभर लांब होता. हवालदार हेडक्वार्टरच्या बोलण्यात तोंड घालत नाही, हे मला इतकी वर्षं शिकवलेलं होतं आणि मी चांगला विद्यार्थी होतो. मी गप्प बसलो.

दहा पाचला कडा सुटला. पहिला ट्रक निघून गेला होता. दुसरा त्याखाली सापडला. रफिक दुसऱ्यात होता, मागे, रोपांजवळ. पुढे केबिनमध्ये जागा होती, पण हौद्यावरची ताडपत्री फाटली होती आणि वाऱ्याने पानं जळत होती म्हणून तो ती धरून मागे बसला होता. जी रोपं मरणार हे त्याने तोंडाने दोनदा सांगितलं, तीच अंगाआड धरून बसला. त्याला रोप तसं सोडता येत नव्हतं, त्याचा हातच तसा होता.

आमची रेस्क्यू पार्टी अकरा पन्नासला पोचली. ड्रायव्हर जिवंत होता, पाय मोडलेला. आम्ही लोखंडी सळया खुपसत, फावड्यांनी उकरत गेलो. बर्फात सगळीकडे काळ्या पिशव्या आणि हिरवी पानं. पानं दिसली की आम्ही धावायचो आणि तिथे रोप निघायचं. तीन वाजून दहा मिनिटांनी रफिक सापडला. ताडपत्रीची दोरी त्याने हाताला गुंडाळली होती, ती मला सोडवता येईना, चाकूने कापावी लागली. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. मी रडलो. माझ्या हाताखालच्या माणसांसमोर रडलो आणि त्याची मला लाज वाटली नाही.

यानंतरचं सांगतो, ते मला जास्त जड आहे. पाहणी रद्द झाली नाही. बारा, तेरा, चौदा, तीन दिवस आम्ही पहिल्या ट्रकमधली रोपं नाल्याकाठी लावली. मी लावली. ज्या हातांनी त्याला उकरून काढलं त्याच हातांनी खड्डे घेतले. जागा कमी पडली म्हणून रफिकच्या एका वाफ्यातली विलोची रोपं उपटून बाजूला टाकायला सांगितलं. त्यांना पानं नव्हती, ती दिसायला बरी नव्हती. ती मात्र मी टाकली नाहीत. मुळं ओल्या पोत्यात बांधून मेमेच्या अंगणात नेऊन ठेवली. मेमेने विचारलं, दुसरा कुठे आहे? मी सांगितल्यावर तो घरात गेला आणि त्या दिवशी बाहेर आलाच नाही.

पंधरा तारखेला वरिष्ठ आले. चहा घेतला, ग्रीन बेल्ट पाहिला, फोटो झाला, शाब्बास म्हणाले. एक फलक उभारला होता, त्यावर झाडांचा आकडा आणि त्यांचं नाव. सोळाच्या रात्री कडाक्याचा गारठा पडला. सतराच्या सकाळी बेल्ट काळा पडला होता. आठवड्याभरात एक पान उरलं नाही. ज्या हिरवाईसाठी माझा माणूस गेला, ती त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहापर्यंतही टिकली नाही. फलक मात्र टिकला. त्याला पत्र्याचं छप्पर केलं होतं.

चौकशी झाली. मी जबाब लिहिला, त्यात मेजरसाहेबांना काय सांगितलं ते, फोन, रेडिओवरचं बोलणं, सगळं वेळेसकट. दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं गेलं, इतकं लांबण नको, थोडक्यात लिही. कुणी धमकावलं नाही. खुर्ची दिली, चहा दिला. मी थोडक्यात लिहिलं. "अत्यावश्यक साहित्य घेऊन येत असताना नैसर्गिक आपत्तीत मृत्यू." एक ओळ. रोपं, पंधरा तारीख, आठ चाळीस, काही नाही. माझी सुभेदारीपर्यंतची बढती वेळेवर होत गेली. लोक व्यवस्थेवर चिडतात, मीही चिडतो. पण त्या कागदावर सही व्यवस्थेची नाही, माझी आहे.

पाहणीनंतर खिंडीतली वाट मोकळी झाली तेव्हा, एकाच जिल्ह्याचा म्हणून, रफिकच्या पार्थिवाबरोबर करकंबला मलाच पाठवलं होतं. पेठेत माणूस मावत नव्हता, हिंदू-मुसलमान सगळे. भाषणं झाली. शब्बीरचाचाने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, काय आणत होता तो? मी म्हणालो, सामान.

पुढच्या वसंतात मेमेच्या अंगणातली आणि वाफ्यातली विलोची रोपं मी नाल्याला लावली, प्रत्येकाला तेलाचा डबा गुंडाळून. आम्ही तिथून हललो तेव्हा त्यांनी काठ धरला होता. त्या जुलैत पाणी नेहमीसारखंच आलं आणि स्टोअरची भिंत जागेवर राहिली.

निवृत्त होऊन आल्यावर दोन वर्षं मी करकंबला जायचं टाळलं. करकंबचा बोर्ड दिसला की एसटीत तोंड फिरवायचो. त्या महाविद्यालयातून हार ठेवून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मात्र गेलो. चाचा शेडमध्ये गुट्या बांधत होता. नजर अधू झालीय, हात चालतात. मी समोर बसलो आणि मेजरसाहेबांच्या ऑफिसपासून फलकापर्यंत सगळं सांगितलं. तो बांधत राहिला. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "पालवी फुटलेली व्हती म्हणता?"

"होय."

"आन् त्याला कळत व्हतं."

"कळत होतं. त्याने सांगितलं मला. मी वर सांगितलं. पण यादीत त्याचं नाव मी लिहिलं, चाचा. आणि नंतर कागद बदलून दिला तोही मीच."

त्याने हातातली फांदी सोडली. मला वाटलं, हा आता मला उठवणार, आणि उठवलं असतं तर मी निमूट उठलो असतो. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही ते मागितलं नाही.

"मला समदं गाव विचारतं, पोरगा कशात गेला," तो म्हणाला. "मी सांगतो, सामान आणताना. धा वर्सं त्येच सांगतुया. तुमी लिवून दिलं त्येच. आता जसं झालं तसं लिवा. आन् आणून मला वाचून दावा."

म्हणून हे लिहिलं. उद्या करकंबला जाऊन वाचून दाखवायचं आहे. त्या पहिल्या जबाबात जे लिहिलं होतं आणि मग खोडलं, ते असं, फक्त शेवटची ओळ आजची:

लान्स नाईक रफिक शब्बीर मुलाणी, राहणार करकंब. खिंडीत मृत्यू, अकरा मे, सकाळी दहा पाच ते दुपारी तीन दहाच्या दरम्यान. जी रोपं जगणार नाहीत असं त्याने स्वतः, माझ्या कानांवर, दोन वेळा सांगितलं होतं, ती पाहणीसाठी आणताना. त्यातलं एकही जगलं नाही. नाल्याकाठचे विलो त्याचे आहेत.